कौसाबाईचा हात

कौसाबाईला मी पहिल्यांदा घाबरले ती नारळाच्या करवंटीवरून.

उस्मानपुऱ्यात राहायला येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं तशी मी ओल्या कचऱ्याची बादली घेऊन धावले. गाडीच्या मागं एक उंच, पन्नाशी ओलांडलेली बाई उभी होती. साडीवर पुरुषी फुल शर्ट आणि कोपरापर्यंत वर सारलेल्या बांगड्या. त्या खाली घसरू नयेत म्हणून त्यांच्यावर केसांचं रबर लावलेलं. तिनं माझी बादली दोनदा वर-खाली करून पाहिली, सरळ आत हात घातला आणि सालपटांच्या तळातून करवंटी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"ही कशात येती?"

"ओल्यात. पत्रकात तसं लिहिलंय."

"पत्रक लिहिणाऱ्यानं करवंटी कुजताना बघितली का कधी? गाडीत अडकती ही. बारीक फोडून द्या, नाय तं ठिवा घरात."

गल्लीतल्या पाच-सहा बायका बघत होत्या. मी कॉलेजात ऐंशी-ऐंशी पोरींचा वर्ग गप्प बसवते, पण त्या सकाळी ओली करवंटी हातात धरून नुसती उभी राहिले. गाडी पुढं गेल्यावर शेजारच्या शबानाभाभी हळूच म्हणाल्या, "उसको उलटके नक्को बोलो भाभी. वो सब देख लेती."

मग कौसाबाईची धास्ती आमच्या घराच्या दिनक्रमातच शिरली. आधी दोन डबे होते, ओला आणि सुका. मग डायपर आणि पॅडसाठी तिसरा आला. दुधाच्या पिशव्या धुवून, वाळवून द्यायच्या. फुटलेली काच कागदात गुंडाळायची. गाडी कधी सातला यायची, कधी साडेनऊला, आणि चुकली की दिवसभराचा वास घरात. मिसळलेला कचरा ती घ्यायचीच नाही, पिशवी दारात ठेवून पुढं व्हायची. माझा नवरा सुधीर वैतागून म्हणायचा, "कर आपण भरायचा आणि परीक्षाही आपणच द्यायची!" पण गाडीचं गाणं लागलं की तोच खिडकीतून ओरडायचा, "अगं, चहापत्तीचं पाकीट ओल्यात नाही ना गेलं?"

कौसाबाईचं माहेर चितेगावच्या पुढं. बापाची मेंढरं होती. लहानपण मेंढरांमागं, या शिवारातून त्या शिवारात गेलेलं. नवरा गेल्यावर ती शहरात लेकीकडं आली, ठेकेदाराच्या गाडीवर लागली. गाडी थांबवायची तर ती ड्रायव्हरला हाक मारायची नाही. जिभेनं टाळूला एक लांबट आवाज काढायची, मेंढरं थांबवतात तसा, आणि ड्रायव्हर खरोखर ब्रेक दाबायचा. घरांचे नंबर तिला वाचता येत नसत. ती घरांना त्यांच्या कचऱ्यावरून ओळखायची. शबानाभाभींचं घर म्हणजे 'पुदिनावाल्या', समोरचे पाटील 'पार्सलवाले', आणि आम्ही 'पेपरवाल्या बाई', कारण आमच्या सुक्या पिशवीत वर नेहमी वर्तमानपत्रं असायची. तिला दिलेले रबरी हातमोजे ती शर्टाच्या खिशात ठेवायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "त्यात गाठ सुटत नाय, बाई. हाताला कळाया पायजे आत काय हाय ते."

त्या हाताला काय काय कळतं हे आम्हाला नाईक सरांच्या वेळी समजलं. सर कोपऱ्यावरच्या घरात एकटेच राहत. एका सकाळी कौसाबाईनं त्यांची पिशवी उचलली आणि तिथंच थबकली.

"सर आजारी हायत," ती मला म्हणाली. "साल नाय, चहापत्ती नाय. गोळ्यांची पाकिटंच हायत नुसती."

दुसऱ्या दिवशी सरांच्या फाटकाला पिशवीच नव्हती. तिनं तो आवाज काढला, गाडी थांबली. तिनं फाटक वाजवलं, कडी वाजवली, मग साडी खोचून सरळ कंपाउंडवर चढली. गल्लीतले लोक चिडले, पाटलांना ऑफिसला उशीर होत होता, मागं रिक्षा हॉर्न देत होती. न्हाणीघराच्या खिडकीतून डोकावून ती ओरडली, "अवो, पडलेत सर! या की कुणी!" दार तोडलं तेव्हा सर न्हाणीघरात होते, रात्रभर तिथंच. कमरेचं हाड मोडलं होतं, ओठ निळे पडले होते, पण जीव होता. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला.

गल्लीनं कौसाबाईचं कौतुक केलं, आणि त्याच दिवसापासून सगळे तिला जास्तच घाबरू लागले. मीसुद्धा. दंडाची भीती वेगळी असते. आपण काय खातो, कुठल्या गोळ्या घेतो, घरात कुणाचं जेवण तुटलंय, हे रोज सकाळी एक बाई हातात तोलून बघते, ही भीती निराळीच. मी औषधांची पाकिटं कापून टाकायला लागले.

आमच्या सासूबाईंना साखरेचा आजार. इन्सुलिनच्या दिवसाला दोन सुया. सुरुवातीला मी कौसाबाईला विचारलं, "या कशात टाकायच्या?"

ती एकदम मागं सरली. एरवी कशालाही न बिचकणारी बाई. "गाडीत नाय हं, बाई. तिसऱ्या डब्यात बी नाय. आमच्या एका बाईला लागली व्हती. दवाखान्यात द्या."

मी आमच्या डॉक्टरांकडं गेले. कंपाउंडर म्हणाला, आम्ही फक्त आमच्याच सुया घेतो. औषधाच्या दुकानात म्हणाले, आम्ही विकतो, परत घेत नाही. हेल्पलाइनवर एक मुलगी म्हणाली की तक्रार नोंदवून घेतली आहे. मी म्हटलं, ही तक्रार नाही, प्रश्न आहे. तिनं फोन दुसरीकडं जोडला आणि तो तिकडं वाजत राहिला. मग मी पाण्याची एक जाड बाटली बेसिनखाली ठेवली आणि सुया तिच्यात टाकायला लागले. काही महिन्यांनी ती गच्च भरली, झाकण नीट बसेना. मी त्यावरून चिकटपट्टी फिरवली.

त्या सकाळी माझी परीक्षेची ड्युटी होती. रात्रभर सासूबाईंची साखर वर गेलेली, कुणाला झोप नव्हती. बेसिन तुंबलं म्हणून सुधीरनं खालचं सगळं सामान बाहेर काढलं होतं आणि ती बाटली ओट्यासमोर उभी होती. गाडीचं गाणं जवळ आलं. मी बाटली उचलली, सुक्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत तळाशी ठेवली, वर वर्तमानपत्रं रचली. बाटली दिसू नये म्हणून वरचे कागद दोनदा सरळ केले, ते मला अजून आठवतं. म्हणजे मला कळत होतं.

मी हसून पिशवी पुढं केली. कौसाबाईनं ती घेतली, हसली, म्हणाली, "पेपरवाल्या बाई, आज लवकर?" आणि न उघडता गाडीत टाकली. आमची पिशवी ती हल्ली उघडतच नसे.

दुपारी घरी आले तर शबानाभाभी दारातच. "सुना क्या? कौसाबाई को सुई लगी. पिछली गली में. गाडी में हात डाली, अंगठे के नीचे पूरी घुस गयी. घाटी के सरकारी दवाखाने ले गये."

मी चप्पल न काढता घरात गेले आणि बेसिनखाली पाहिलं. बाटली तिथं नाही हे मला माहीत होतं, तरी पाहिलं.

सुधीर म्हणाला, "आपलीच कशावरून? गल्लीत सुया घेणारी पाच घरं आहेत. तू काही बोलू नकोस. पोलीस केस झाली तर? तुझी नोकरी आहे." गल्लीच्या ग्रुपवर पाटलांनी विचारलं होतं, कुणी टाकली सुई? खाली एकेक उत्तर येत होतं. आमच्याकडची नाही. आमच्याकडं कुणाला साखर नाही. आम्ही कधीच टाकत नाही. मी फोन उपडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई कामावर नव्हती, पण दहा वाजता एकटीच आली, पायी. हाताला पट्टी. घरोघर जात होती. आमच्या फाटकाशी उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू येईना, इतका बारीक झालेला.

"बाई, मला भांडाया नाय यायचं. डॉक्टरीण म्हणली, ज्याची सुई हाय त्याचं रगत तपासता आलं तं बरं. नाय तं अठ्ठावीस दिवस गोळ्या खायच्या. एडसच्या. कुणाची असंल, ठावं हाय का तुम्हाला?"

सुधीर माझ्यामागं उभा होता. मी म्हटलं, "नाही हो, कौसाबाई."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढच्या फाटकाकडं गेली. तिथंही तोच प्रश्न, त्याच शब्दांत. मी पडद्याआडून ऐकत होते. पुढं पुढं तिचा आवाज ऐकू येईनासा झाला.

त्या रात्री सासूबाईंना इन्सुलिन देताना माझ्या हातातली सुई दोनदा खाली पडली. त्यांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही. दिवा बंद करून पडले तरी डोळ्यांपुढं तो अंगठा. मनात हिशेब चालू होता, सासूबाईंना तसलं काही असणं शक्यच नाही. आणि लगेच दुसरा विचार, दहा वर्षांपूर्वी त्यांना रक्त चढवलं होतं, कुणाचं कोण जाणे. मला खरंच माहीत नव्हतं. ते माहीत करून घेण्याचा रस्ता होता, आणि मी तो बंद करून बसले होते.

तिसऱ्या दिवशी ती गाडीवर आली. खाडा परवडणारा नव्हता. पण पिशव्या घेत नव्हती, लोकांना स्वतःच टाकायला सांगत होती, हात पदरात गुंडाळलेला. आमच्या घरापुढं येता येता ती गटारीकडं वळली, वाकली आणि ओकली. गोळ्यांनी होत होतं ते. उठताना तिनं निंबाच्या झाडाला धरलं, आणि कुणीतरी बघितलं का म्हणून आजूबाजूला पाहिलं.

मी फाटक उघडून बाहेर गेले. सुधीर मागून "अगं" म्हणाला.

"कौसाबाई, ती सुई आमची होती."

गाडीचं गाणं जोरात चालू होतं. तिला ऐकू गेलं नाही. "काय म्हणल्या?"

मला पुन्हा म्हणावं लागलं, ओरडून. तेवढ्यात ड्रायव्हरनं गाणं बंद केलं आणि "ती सुई आमची होती" हे वाक्य त्या शांततेत गल्लीभर गेलं.

कौसाबाई माझ्याकडं बघत राहिली. वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आजीची?"

"हो."

"काय हाय आजीला?"

"फक्त साखर. मला माहीत आहे तेवढी फक्त साखर."

"फकस्त साखर," ती म्हणाली आणि आमच्या पायरीवर बसली. मग जमिनीकडं बघत म्हणाली, "दोन रात्री मी नातीला जवळ घेतलं नाय. ताट येगळं केलं, तांब्या येगळा केला. ती रडून रडून झोपली. आजी रुसली म्हणती. तिला काय सांगू? आन तुम्ही फाटकात उभ्या राहून 'नाय' म्हणल्या." तिनं वर पाहिलं. "बाकी चौघांवर माहा संशय व्हता. तुमच्यावर नव्हता, बाई."

आतून काठीचा आवाज आला. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या, सगळं ऐकलेलं.

"कुठं द्यायचंय रक्त?" त्या म्हणाल्या. "माझी शाल दे गं. आणि रिक्षा बोलव."

आम्ही तिघी घाटीत गेलो. रिक्षात सासूबाई मधे बसल्या होत्या. दूध डेअरीचा सिग्नल लागला तेव्हा त्यांनी कौसाबाईचा पट्टीचा हात हातात घेतला. कौसाबाईनं तो झटकन ओढून घेतला.

"नगं, आजी. लागंल तुम्हाला."

"मला काय लागायचंय आता? माझीच तर सुई."

"तरी बी नगं." तिनं हात शर्टात घातला आणि घाटी येईपर्यंत बाहेर काढला नाही.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं मला रागावून विचारलं नाही, यानंच मला जास्त लाज वाटली. सासूबाईंचं रक्त घेतलं. रिपोर्टला काही तास लागणार होते. आम्ही बाहेर बाकावर बसलो. सासूबाईंना मी बिस्किटं दिली. कौसाबाईनं घेतली नाहीत. समोरून स्ट्रेचर जात होते, कुणाचे कुणाचे नातेवाईक पळत होते. दर वेळी दार उघडलं की कौसाबाईचे खांदे वर जायचे. मला तिच्याकडं बघवत नव्हतं, आणि दुसरीकडं बघावं तर वाटायचं, रिपोर्टमध्ये काही निघालं तर? मग सासूबाईंचं काय, आमच्या घराचं काय? त्या बाकावर मी पहिल्यांदा तिच्याइतकीच घाबरले.

संध्याकाळी डॉक्टरीण कागद घेऊन आली. "सगळं निगेटिव्ह आहे. एचआयव्ही नाही, कावीळही नाही."

कौसाबाईनं कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "निगेटिव्ह म्हंजी करोनावानीच ना? चांगलं ना?"

"चांगलं," मी म्हटलं.

"करोनावानीच ना पण?"

डॉक्टरीण म्हणाली, "हो मावशी, तसंच. गोळ्या बंद करा. तीन महिन्यांनी एकदा तुमचं रक्त तपासू, खात्रीसाठी." त्या शेवटच्या शब्दानं तिचा चेहरा पुन्हा उतरला. खात्री नाही म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगितलं नाही. मीही नाही, कारण मलाही नीट कळलं नव्हतं.

निघताना डॉक्टरिणीनं मला सुयांचं सांगितलं. जाड डबा, पक्कं झाकण, वर मोठ्या अक्षरात लिहायचं, आणि भरला की इथं आणून द्यायचा. इतकं साधं. मी सगळीकडं विचारत फिरले होते, आणि उत्तर घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर होतं.

पुढच्या सोमवारी आमच्या गल्लीत दुसरी बाई आली. मुकादम म्हणाला, कौसाबाईनं एरिया बदलून मागितला. नवी बाई हातमोजे घालते, पिशवी उघडत नाही, काही बोलत नाही. गल्लीतले बरेच जण सुटलो म्हणाले. ग्रुपवर माझ्याविषयी दोन दिवस बोलणं चाललं, मग थांबलं. पाटील अजून माझ्याशी बोलत नाहीत.

तीन महिन्यांनंतरची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. त्या दिवशी सकाळी घाटीत जाऊन उभी राहिले. ती एकटीच आली. शर्ट नव्हता, धुतलेली हिरवी साडी होती. मला बघून थांबली, "कशाला आल्या?" म्हणाली, पण हाकलून दिलं नाही. रक्त दिलं. आम्ही बाकावर बसलो, मधे एका माणसाची जागा सोडून. मी विचारलं, नात कशी आहे. "बरी हाय," म्हणाली. सासूबाईंची साखर कशी आहे, ते तिनं विचारलं. मी सांगितलं.

रिपोर्ट आला, निगेटिव्ह. या वेळी तिनं अर्थ विचारला नाही. कागदाची चौपदरी घडी केली, ब्लाऊजमध्ये ठेवली आणि डोळे मिटून थोडा वेळ तशीच बसली. तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती.

फाटकाबाहेर आल्यावर मी म्हटलं, "चला, मी रिक्षानं सोडते घरापर्यंत."

"नगं."

"कौसाबाई, तुम्ही रागवा माझ्यावर. पण..."

"राग नाय वो, बाई." ती माझ्याकडं बघत होती, अगदी सरळ, कसलाही कडवटपणा न ठेवता. "राग कवाच गेला. मला तुमचं भ्या वाटतं."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"तुम्ही चांगल्या हायत. शिकलेल्या हायत. इथं आजीला घेऊन आल्या, आज बी आल्या. पण तुम्ही त्या दिशी हसून पिशवी दिली माह्या हातात. म्हून भ्या वाटतं. दुसऱ्या कुणाचं नाय वाटत येवढं."

एक शेअर रिक्षा येऊन थांबली. मागं तिघीजणी दाटीवाटीनं बसल्या होत्या, तिला ड्रायव्हरच्या बाजूला कडेवर जागा मिळाली. ती बसली, पाय आत घेतले, वरचा दांडा धरला. मी तिथंच उभी होते. रिक्षा हलता हलता तिनं वळून पाहिलं, दांडा सोडला आणि साहेबाला करतात तसा दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला.